ब्रिटिश सरकारचा निर्णय अलिखित राज्यघटनेत बसतो का, कसं तपासाल?

'अलिखित' या शब्दाने फसू नका. ब्रिटनच्या राज्यघटनेचा बराचसा भाग लिहिलेलाच आहे, फक्त तो एका ग्रंथात बांधलेला नाही. त्यामुळे घटनेचं कलम शोधत बसू नका. आधी विचारा, हा अधिकार सरकारला दिला कुणी?

उत्तर बहुधा दोनांपैकी एक असतं: संसदेचा कायदा, किंवा राजाचा विशेषाधिकार, म्हणजे संसदेच्या कायद्याविना राजाकडे पूर्वापार असलेला अधिकार, जो आज मंत्री वापरतात. दोन्ही नसतील आणि कुणाच्या घरात, मालमत्तेत हात घातला असेल, तर ती सरळ आगळीक ठरते. 1765 च्या एंटिक खटल्यात मंत्र्याच्या वॉरंटवर घर धुंडाळून कागद नेले होते. 'राज्याची गरज' ही सबब न्यायालयाने मानली नाही.

कायदा दाखवला तर त्याचे शब्द वाचा. मंत्री त्याबाहेर गेला असेल तर निर्णय रद्द होऊ शकतो. विशेषाधिकार दाखवला तर जास्त खोलात जावं लागतं. त्याच विषयावर कायदा आहे का? असेल तर विशेषाधिकार मागे सरतो (डी कायझर हॉटेल खटला, 1920). देशाचा कायदा बदलतोय का? घोषणा काढून तसं करता येत नाही, हे 1610 पासून ठरलेलं आहे. संसदेचं काम सबळ कारणाविना अडतंय का? सरकारने घडवून आणलेली संसदेची पाच आठवड्यांची सत्रसमाप्ती (अधिवेशन संपवून संसद बंद ठेवणं) 24 सप्टेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवली, ती यावरच.

सर्वाधिक चूक होते ती संकेतांबाबत, म्हणजे न्यायालयात बजावता न येणाऱ्या, पण पाळल्या जाणाऱ्या राजकीय प्रथांबाबत. संसदेने संमत केलेल्या विधेयकाला राजमान्यता नाकारायची नाही, हा संकेत आहे. शेवटचा नकार 1708 मधला. पण संकेत मोडला म्हणून न्यायालयात गेलात तर हात हलवत परताल. स्कॉटलंडकडे सोपवलेल्या विषयांवर ब्रिटिश संसदेने एरवी स्कॉटिश संसदेच्या संमतीशिवाय कायदा करायचा नाही, हा संकेत 2016 मध्ये कायद्यात लिहिला गेला, तरी 2017 मध्ये न्यायालयाने त्याची अंमलबजावणी करायला नकार दिला. संकेताचं भांडण संसदेतच लढायचं. तिथलं शेवटचं हत्यार अविश्वास ठराव: 28 मार्च 1979 रोजी कॅलहॅन सरकार 311 विरुद्ध 310, एका मताने हरलं आणि निवडणूक घ्यावी लागली.

तक्रार खुद्द संसदेच्या कायद्याविरुद्ध असेल तर न्यायालय तो रद्द करत नाही. 1998 च्या मानवी हक्क कायद्याखाली फार तर 'विसंगतीची घोषणा', म्हणजे कायदा मानवी हक्कांशी जुळत नाही असा न्यायालयाचा निर्वाळा, मिळते. कायदा लागूच राहतो. माझ्या मते या व्यवस्थेची खरी दुखरी नस हीच.

मुदत मात्र आधी पाहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये न्यायालयीन पुनर्विलोकनाचा (सरकारी निर्णय कायदेशीर आहे का, हे न्यायालयाने तपासण्याचा) अर्ज तातडीने, सर्वसाधारणपणे फार तर 3 महिन्यांत करावा लागतो. खात्याच्या उत्तराची वाट पाहताना ती थांबत नाही.