आंब्याच्या लाकडाचा माल परदेशी पाठवताना: ओंडक्यापासून कंटेनरपर्यंत

फळ धरेनाशी झालेली जुनी आंब्याची झाडं तुटतात, ओंडके वखारीत येतात आणि त्यांतून ट्रे, भाजी कापायचे पाट, डबे, छोटी टेबलं तयार होतात. युरोप-अमेरिकेत या मालाला चांगलं गिऱ्हाईक आहे. तरीही तिथून तक्रार येते, पैसे कापले जातात, कधी कंटेनरच अडतो. अशा वेळी दोष शोधायला गेलं की तो बहुधा शेवटच्या आठवड्यातल्या कामात सापडत नाही. फळी ओली होती किंवा ओंडका कुठून आला याचा कागद नव्हता, हेच निघतं. पॅकिंगच्या टेबलावर या दोन्ही गोष्टी दुरुस्त होत नाहीत. म्हणून सुरुवात वखारीतूनच करायला हवी.

ओंडक्याचा कागद

भारतातून ओंडके आणि कच्चं लाकूड बाहेर पाठवायला निर्यात धोरणात बंदी आहे. जायचा तो तयार माल. तो ज्या झाडापासून झाला ते झाड कायद्याने तोडलं होतं, हे दाखवण्याची जबाबदारी मात्र तुमची. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत सागाबरोबर आंबा, फणस, जांभूळ, चिंचही आहेत. त्यामुळे झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी तोडायला परवानगी लागते. व्यापाऱ्याकडून लाकूड घेताना तोडीच्या परवानगीची आणि वाहतूक परवान्याची प्रत बिलासोबत मागा. "नंतर देतो" म्हणणाऱ्याचा ट्रक उतरवून घेऊ नका.

मग ओंडक्याच्या तोंडावर क्रमांक घाला आणि चिरल्यावर प्रत्येक फळीवर तोच लिहा. वहीत चार रकाने पुरतात: ओंडका क्रमांक, गाव आणि गट क्रमांक, घनफूट, कोणत्या ऑर्डरला गेला. एवढीशी वही, पण अमेरिकी खरेदीदाराला लेसी कायद्याखालचं (बेकायदा तोडलेल्या लाकडाला आळा घालणारा तिथला कायदा) घोषणापत्र भरायला याच नोंदी लागतात: शास्त्रीय नाव, झाड कोणत्या देशात तोडलं, किती माल, काय किंमत. 2008 च्या दुरुस्तीपासून लाकूडही त्या कायद्यात आलं. बिलावर नुसतं 'मँगो वूड' न लिहिता मँजिफेरा इंडिका हे आंब्याचं शास्त्रीय नाव लिहा.

युरोपचा जंगलतोडविरोधी नियम 2023 चा आहे. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली, तरी मोठे खरेदीदार माहिती आधीच मागू लागले आहेत. झाड ज्या जमिनीवर होतं तिचे अक्षांश-रेखांश दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत द्यावे लागतात. चार हेक्टरच्या आतल्या जमिनीला एक बिंदू पुरतो. ती जमीन 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून मोकळी केलेली नसावी. बागेतला आंबा शेतजमिनीवरचा, ही आपली जमेची बाजू आहे. पण झाड पडून वर्ष झाल्यावर ती जागा कुणी दाखवत नाही. ओंडका उचलतानाच मोबाइलवर बिंदू घ्या आणि वहीत पाचवा रकाना वाढवा.

आंब्याबरोबर शिसम किंवा शिसवीचा माल मिसळत असाल तर वेगळी काळजी घ्या. ही झाडं ज्या डालबर्जिया वंशातली, तो सगळा वंश 2 जानेवारी 2017 पासून साइटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे. 10 किलोपर्यंतच्या तयार मालाला त्यातून सूट आहे. हे वजन पूर्ण खेपेचं धरायचं नसून एकेका वस्तूतल्या लाकडाचं धरायचं, हे 2022 च्या पनामा परिषदेत भारताच्या मागणीवरून स्पष्ट झालं. त्याहून जड नगांसाठी हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेचं 'वृक्ष' प्रमाणपत्र (लाकूड कायदेशीर असल्याचा दाखला) लागतं. टेबलाला आंब्याचा वरचा भाग आणि शिसमचे पाय असतील, तर दोन्ही लाकडं बिलात वेगळी दाखवा.

ओलावा

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

लाकूड सभोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. हवेत 85 टक्के आर्द्रता असेल तर त्याचा ओलावा 18 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, म्हणजे कोकणच्या पावसाळ्यात उघड्यावर वाळवलेली फळी कितीही महिने ठेवली तरी त्याखाली उतरत नाही. उलट थंडीत गरम केलेल्या युरोपीय घरात आर्द्रता 30 टक्क्यांवर येते आणि लाकूड 6 टक्क्यांकडे सरकतं. हिशेब सोपा आहे. ओलावा एक टक्का कमी झाला की फळी रुंदीत साधारण पाव टक्का आकसते. 600 मिलिमीटर रुंदीचं टेबल 14 टक्क्यांवर निघालं आणि तिथे 8 वर आलं, तर 9 मिलिमीटर आकसणार. सांध्याने त्याला धरून ठेवलं असेल तर मधोमध तडा जातो. कारागिराचा हात कितीही चांगला असो, हे टळत नाही.

म्हणून माल भट्टीतूनच काढा आणि लक्ष्य 8 ते 10 टक्के ठेवा. आंब्याचं लाकूड बुरशीने लवकर निळं पडतं, विशेषतः दमट हवेत. ओंडका पडल्यापासून आठवडाभरात चिरून घ्या. फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर टोकं आधी सुकून फुटतात. थर लावताना मधे 25 मिलिमीटर जाडीच्या कोरड्या पट्ट्या दर दीड-दोन फुटांवर, वरपासून खालपर्यंत एका उभ्या ओळीत ठेवा. पट्टी ओळीतून सरकली की तिथली फळी वाकते आणि ती वाकलेलीच राहते.

ओलावा मोजायच्या मीटरवर डोळे झाकून विसंबू नका. सुया नुसत्या पृष्ठभागात खुपसल्या तर बाहेरचा कोरडा थर मोजला जातो आणि गाभा ओला राहून जातो. लांब, आवरण असलेल्या सुया गाभ्यापर्यंत ठोका. किड्यासाठी बोरॅक्सचा हात दिलेल्या लाकडात क्षार असल्याने मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. प्रत्येक भट्टीतून तीन-चार तुकडे तरी ओव्हनमध्ये तपासा. फळीच्या टोकापासून फूटभर आत, इंचभर रुंदीची आडवी काप घ्या, लगेच तोला, 103 अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत वाट बघा. साधारण एक दिवस लागतो. आधी 56 ग्रॅम आणि नंतर 50 ग्रॅम भरलं, तर 6 भागिले 50, म्हणजे 12 टक्के. ही फळी अजून तयार नाही.

तशीच दुसरी काप घेऊन काट्याची चाचणीही करा. मधला भाग करवतीने कापून काढला की दोन शिंगं उरतात. ती सरळ राहिली तर ठीक. आत वळली तर भट्टी घाईने चालवली आहे आणि फळीत ताण राहिला आहे. अशा फळीवर रंधा मारला किंवा ती मधून चिरली की ती तासाभरात वाकडी होते. शेवटी वाफ देऊन ताण काढायला भट्टीवाल्याला सांगा. त्याला एक-दोन दिवस जास्त लागतील, ते द्या.

भट्टीतून काढलेलं लाकूड उघड्या शेडमध्ये पुन्हा ओलावा ओढतं. पावसाळ्यात ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून बंद खोलीत ठेवा. डिंकाने जोडायच्या पट्ट्यांच्या ओलाव्यात दोन टक्क्यांहून जास्त फरक नसावा. टेबलाचा वरचा भाग पायांच्या चौकटीला डिंकाने चिकटवू नका. लांबट भोकातून स्क्रू घाला, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.

किडा

तयार ट्रेवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, की पूर्ण खेप संशयात येते. हा किडा लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागातला स्टार्च खातो आणि आंब्यात तो भाग भरपूर असतो. भट्टीत गाभ्याचं तापमान 56 अंशांवर 30 मिनिटं राहिलं तर आतली अंडी-अळ्या मरतात, पण पुढे नवीन किडा बसू नये याची तजवीज त्यातून होत नाही. भट्टीतला माल आणि कच्ची फळी एका छपराखाली ठेवू नका.

फर्निचरसाठी 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड, असं पाच टक्क्यांचं द्रावण वापरता येतं. पण खाण्याशी संबंध येणाऱ्या पाटाला किंवा ट्रेला ते कधीही लावू नका. शिवाय बोरिक ॲसिड युरोपच्या अतिचिंताजनक रसायनांच्या यादीत आहे. वस्तूत ते 0.1 टक्क्याहून जास्त असेल तर खरेदीदाराला कळवणं बंधनकारक आहे. पाटांसाठी फक्त उष्णतेवर भर द्या आणि वर खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल लावा.

धुरी द्यायची असेल तर ती पॉलिशच्या आधी. लाखेच्या किंवा पीयूच्या (पॉलियुरेथेन) थरातून धुरीचा मिथिल ब्रोमाइड वायू लाकडात शिरत नाही आणि ऑस्ट्रेलियासारखा देश अशी धुरी मान्य करत नाही.

सावंतवाडीच्या धर्तीची रंगीत खेळणी पाठवायची असतील तर नियम वेगळे: युरोपला ईएन 71 हे खेळण्यांच्या सुरक्षिततेचं मानक, अमेरिकेला रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत. रंगाच्या डब्यावरच्या लेबलवर विसंबू नका, प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. मागे एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली पाटी) लावलं असेल तर अमेरिकेची फॉर्मल्डिहाइड मर्यादा 0.11 पीपीएम आहे.

खोकी आणि पॅलेट

मालापेक्षा पॅलेटमुळे अडकलेले कंटेनर कमी नाहीत. कच्च्या लाकडाची पेटी, पॅलेट, अगदी आधाराला ठोकलेला ठोकळाही आयएसपीएम 15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमात येतो: 56 अंश, 30 मिनिटं किंवा धुरी, आणि प्रत्येक नगावर गव्हाच्या ओंबीची खूण, आयएन हा देशसंकेत, उपचार करणाऱ्याचा क्रमांक आणि एचटी (उष्णता) किंवा एमबी (मिथिल ब्रोमाइड). शिक्का लाल वा नारिंगी शाईत मारू नका. प्लायवूडला आणि 6 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला ही अट नाही. साल शिल्लक नसावी. राहिलीच तर 3 सेंटिमीटरहून अरुंद पट्टी चालते. आयत्या वेळी कामगार वखारीतला एखादा तुकडा कंटेनरमध्ये ठोकतात आणि तोच तपासणीत सापडतो. त्या दिवशी शिक्का मारलेले तुकडे आधीच मोजून त्यांच्या हातात द्या.

10 किलोच्या आतलं खोकं 76 सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकून बघा: एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. फुटलं तर ते आपल्या अंगणात फुटू दे.

कागदपत्रं

विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक 500 रुपयांत ऑनलाइन मिळतो, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत केला नाही तर निष्क्रिय होतो. जीएसटी न भरता पाठवायचं तर एलयूटी (हमीपत्र), बंदरावर बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक), आणि हस्तकला परिषदेची सदस्यता. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात ट्रे आणि पाट 4419 मध्ये, शोभेचे डबे 4420 मध्ये, चौकटी 4414 मध्ये, टेबलं 9403 मध्ये, बसायच्या वस्तू 9401 मध्ये येतात. बिल, पॅकिंग लिस्ट आणि धुरीचं प्रमाणपत्र या तिन्हींवर वस्तूचं नाव, नग आणि वजन अक्षरशः एकच हवं. एकीकडे 'ट्रे' आणि दुसरीकडे 'प्लॅटर' लिहिलं तरी प्रश्न येतो.

कंटेनर भरण्याचा दिवस

रिकामा कंटेनर आला की आत उभं राहून दार बंद करून घ्या. कुठूनही उजेडाची तिरीप दिसली तर परत पाठवा. फरशीही लाकडाची असते, तिचा ओलावा मोजा. ती ओली असेल तर तेच पाणी तुमच्या मालावर पडणार.

दिवसा तापलेली हवा रात्री छताला लागून थंड होते आणि थेंब खाली पडतात. 10 टन लाकडात 12 टक्के ओलावा असेल तर त्यात टनाहून जास्त पाणी आहे. कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या हवेतला ओलावा टिपतात, लाकूड वाळवत नाहीत. त्या टांगा, पण ओल्या मालावरचा उपाय म्हणून नाही. खोक्यांच्या वरच्या थरावर क्राफ्ट कागद अंथरा. खोकं कंटेनरच्या भिंतीला टेकू देऊ नका.

चाळीस फुटी हाय-क्यूबची (जास्त उंचीचा कंटेनर) क्षमता 76 घनमीटर आहे, पण प्रत्यक्षात 65 ते 68 च्या हिशेबानेच ऑर्डर घ्या. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय न्हावा शेवाला तो जहाजावर चढत नाही. अर्धा आणि पूर्ण भरलेला कंटेनर, बंद दार, सीलचा क्रमांक, असे फोटो तारखेसह ठेवा. आणि प्रत्येक खेपेतली एक फळी, तिच्यावर ओंडक्याचा क्रमांक लिहून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोरड्या खोलीत वर्षभर ठेवा. तड्याची तक्रार आली की आधी तीच ओव्हनमध्ये घाला.