फ्रेंच कॉस्टिंगच्या कागदांचं इंग्रजी भाषांतर कसं करायचं

बी.कॉम. झालंय, फ्रेंचच्या परीक्षा दिल्यात आणि आता कुठल्यातरी कंपनीचा कॉस्टिंगचा, म्हणजे एकेका वस्तूला किती खर्च आला त्याचा, फ्रेंच रिपोर्ट इंग्रजीत करून द्यायचाय, अशी पुण्यात बरीच मंडळी असतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. भाषा येते म्हणून लगेच टाईप करायला बसू नका. या विषयात डिक्शनरी फार लांबपर्यंत साथ देत नाही, कारण फ्रान्समध्ये खर्च वाटायची जी पद्धत रुजली ती ब्रिटिश पुस्तकांतल्यापेक्षा वेगळी आहे आणि आपण कॉलेजात शिकलो ती ब्रिटिश.

सगळ्यात आधी विचारून घ्या की वाचणारा कुठला आहे. ब्रिटिश असेल तर टर्नओव्हर आणि स्टॉक, अमेरिकन असेल तर रेव्हेन्यू आणि इन्व्हेंटरी. एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच ठेवायचं.

मग पैशाचे शब्द वेगळे करा. देपांस म्हणजे एक्स्पेंडिचर, शार्ज म्हणजे एक्स्पेन्स, कू म्हणजे कॉस्ट. खुर्च्यांच्या कारखान्याने 12,000 युरोचं मशीन घेतलं तर ते देपांस, त्यातला दर वर्षी नफातोट्यात पडणारा भाग शार्ज, आणि तोच भाग पुढे एका खुर्चीच्या हिशोबात आला की तो कू. पण हाच शार्ज कॉस्टिंगच्या टेबलात डायरेक्ट, इनडायरेक्टच्या जोडीला आला की तिथे इंग्रजीत कॉस्टच लिहितात. आणि शार्ज सोसियाल दिसलं की सोशल एक्स्पेन्सेस लिहू नका, ती सोशल सिक्युरिटीची वर्गणी आहे, आणि कॉस्टिंगमध्ये बहुतेक वेळा मालकाने भरलेली. शार्ज स्युप्लेतिव्ह हा आणखी एक फसवा शब्द. सप्लिमेंटरी चार्जेस लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की जास्तीचं बिल आलंय, खरं तर तो पुस्तकांत नसलेला, फक्त कॉस्टिंगसाठी धरलेला खर्च असतो, म्हणजे मालकाचा न घेतलेला पगार किंवा स्वतःच्या भांडवलावरचं व्याज. इंग्रजीत नोशनल कॉस्ट.

आता कू द रव्यँ. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. डिक्शनरी कॉस्ट प्राइस म्हणते, पण इंग्रजीत कॉस्ट प्राइस म्हटलं की बहुतेकांना दुकानदाराची खरेदीची किंमत वाटते. फ्रेंच शिडी अशी आहे: आधी कू दाशा, म्हणजे माल घेऊन तो गोदामात येईपर्यंतचा खर्च, मग कू द प्रोद्युक्सिओं, म्हणजे माल तयार होईपर्यंतचा, आणि शेवटी विक्री, वितरण, ऑफिस सगळं धरून कू द रव्यँ. आपली कॉस्ट शीट आठवा, प्राइम कॉस्ट, वर्क्स कॉस्ट, कॉस्ट ऑफ प्रॉडक्शन, कॉस्ट ऑफ सेल्स. शेवटच्या पायरीशी कू द रव्यँ बरंच जुळतं म्हणून आपल्याकडची मुलं सरळ कॉस्ट ऑफ सेल्स लिहितात, आणि तिथेच घोटाळा होतो, कारण कंपनीच्या छापील नफातोटा पत्रकात कॉस्ट ऑफ सेल्समध्ये विक्रीचा आणि ऑफिसचा खर्च सहसा नसतो, तो खाली वेगळा दाखवतात. म्हणून मी फुल कॉस्ट लिहिते. वाचणारा ब्रिटिश असो की अमेरिकन, त्याला कळतं.

पुढची पायरी, सेक्शनवाटपाचं टेबल, म्हणजे कारखान्याचा खर्च वेगवेगळ्या विभागांवर (सेक्शन किंवा सेंटर) वाटायचा तक्ता. ही पद्धत 1920 च्या दशकाच्या शेवटी एमिल रिमायो यांनी मांडली, ते तोफखान्यातले अधिकारी होते, त्यांच्या नावाची 155 मिलिमीटरची तोफही आहे. टेबलात तीन शब्द ओळखा. खर्च थेट एका सेंटरचाच असेल तर आफेक्तासिओं, म्हणजे अलोकेशन. सेंटरांमध्ये वाटून द्यायचा असेल तर रेपार्तिसिओं, म्हणजे अपोर्शनमेंट. सेंटरमधून मालावर चढवायचा असेल तर अँप्युतासिओं, म्हणजे अब्सॉर्प्शन. तिन्हींना अलोकेशन लिहिलं तर व्याकरण ठीक राहतं पण हिशोब कळत नाही.

त्याच टेबलाच्या तळाशी युनिते दव्र असतं, म्हणजे सेंटरचा खर्च ज्या मापाने मालावर चढवायचा ते माप. वर्क युनिट लिहून पुढे जाऊ नका, आकडे बघा. जुळणी विभागाचा खर्च 48,000 युरो, कामाचे तास 1,600, म्हणजे तासाला 30 युरो, आणि खुर्चीला दोन तास लागले तर तिच्यावर 60 युरो चढले. मग इथे लेबर अवर हा अब्सॉर्प्शन बेस झाला आणि 30 युरो हा लेबर अवर रेट. कॉस्ट ड्रायव्हर मात्र लिहू नका, तो अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगचा, म्हणजे एकेका कामानुसार खर्च वाटायच्या पद्धतीचा शब्द आहे आणि फ्रेंचमध्ये त्याला वेगळा शब्द आहे.

अँप्युतासिओं रासिओनेल दिसलं तरी असंच करा. रॅशनल इम्प्युटेशन हे इंग्रजी वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. स्थिर खर्च 20,000, नेहमीचं उत्पादन 1,000 नग, यंदा झाले 800, तर मालावर 16,000 च चढवायचे आणि उरलेले 4,000 रिकाम्या क्षमतेचा खर्च म्हणून बाजूला काढायचे. म्हणजे फिक्स्ड ओव्हरहेडचं नॉर्मल कपॅसिटीवरचं अब्सॉर्प्शन, आणि ते 4,000 म्हणजे आयडल कपॅसिटी कॉस्ट.

काही शब्द पटकन सांगते. आमोर्तिस्मां मशीनचं असेल तर डेप्रिसिएशन, सॉफ्टवेअरचं असेल तर अमॉर्टायझेशन. देप्रेसिआसिओं म्हणजे डेप्रिसिएशन नाही, मालमत्तेची असेल तर इम्पेअरमेंट, म्हणजे तिची किंमत घटणं, सुरुवातीला माझीही इथेच चूक झाली होती. एकार म्हणजे व्हेरिअन्स, ठरवलेल्या आणि प्रत्यक्ष आकड्यातला फरक, गॅप नाही. प्वँ मोर म्हणजे ब्रेक इव्हन, ना नफा ना तोटा असा टप्पा, पण कधीकधी तो गाठल्याची तारीख असते, ते वाक्यावरून बघा. काँत्रोल द जेस्तिओंमधला काँत्रोल तपासणीचा नाही, तो कंपनीतला मॅनेजमेंट अकाउंटिंगचा विभाग.

आकडे शेवटी एकदा स्वतंत्र तपासा. फ्रेंचमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला मोकळी जागा असते, म्हणून 12,500 दिसलं तर ते साडेबारा आहे, साडेबारा हजार नाही. मिलियार म्हणजे इंग्रजी बिलियन, आपले 100 कोटी.

व्याख्या शोधायची असेल तर फ्रान्सच्या प्लां काँताब्ल जेनेरालची, म्हणजे तिथल्या हिशोबाच्या अधिकृत नियमावलीची, 1982 ची आवृत्ती काढा, कारण 1999 च्या आवृत्तीतून कॉस्टिंगचा भाग वगळला गेला. आणि एखाद्या शब्दाला इंग्रजीत जोडीदारच सापडला नाही तर फ्रेंच शब्द तिरप्या अक्षरात ठेवा, पहिल्यांदा आला तिथे एका ओळीत हिशोब समजावून सांगा आणि पुढे सगळीकडे तोच वापरा.