अमूंगसला मारायला पाठवू नका
पोकेमॉनच्या डबल्समध्ये, म्हणजे दोन विरुद्ध दोन लढतीत, अमूंगस या पोकेमॉनकडून मोठ्या डॅमेजची अपेक्षा ठेवू नका. त्याचं काम जोडीदाराला मोकळा टर्न मिळवून देणं. त्याने रेज पावडर ही चाल वापरली की एकावर रोखलेले हल्ले त्याच्याकडे वळतात, तेवढ्यात जोडीदार ट्रिक रूम लावतो. मग संथ पोकेमॉन आधी खेळतात, म्हणजे अमूंगसचा 30 बेस स्पीड चक्क फायद्याचा! पुढच्या टर्नला स्पोर, म्हणजे समोरच्याला झोपवणारी पावडर, जिची अचूकता 100.

समोर ग्रास टाइपचा किंवा सेफ्टी गॉगल्स ही वस्तू घेतलेला पोकेमॉन असेल तर मात्र दोन्ही पावडरी फुकट. दोघांवर एकदम पडणारे हल्लेही वळत नाहीत. जखमी झाल्यावर त्याला उगाच ताणू नका, बदला. रीजनरेटर अॅबिलिटी असेल तर मैदानाबाहेर जाताच एक तृतीयांश एचपी (जीवशक्ती) परत मिळतो.