सगळ्याजणी मिळून कलागोधडी शिवताय? या चुका टाळा

सोळा जणींनी मिळून शिवलेली आमची गोधडी पहिल्यांदा धुतली आणि बादलीतलं पाणी गुलाबी झालं. लाल खणाचा एक तुकडा होता. त्याला लागून आजोबांच्या जुन्या धोतराचा पांढरा तुकडा, आणि त्यावर एका मैत्रिणीने आपल्या आईचं नाव भरलं होतं. त्या नावाखाली लाल डाग पसरताना मी बघितलाय. तेव्हापासून गटात कुणी नवीन आली की नक्षी, रंगसंगती सगळं बाजूला ठेवून मी आधी कापडावर बोलते. भिंतीवर लावायची असली तरी गोधडी हे कापडच आहे. ते आटतं, रंग सोडतं, ताणलं की वेडंवाकडं होतं. त्यातून इथे तर सोळा घरचं कापड एकत्र आलेलं असतं.

न धुतलेलं कापड वापरणं

आपल्याकडची गोधडी, म्हणजे आमच्या सातारा-कोल्हापूरकडची वाकळ, जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची होत आली. ते कापड शेकडो वेळा धुतलेलं, आटायचं तेवढं आटलेलं असायचं. आता आपण दुकानातून नवा खण, नवं इरकल आणतो आणि तसंच कापायला घेतो. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज आटतं. शेजारचं जुनं कापड आटत नाही, आणि मग जोडावर चुण्या पडतात. म्हणून कापण्याआधी नवं कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या.

रंगाची परीक्षा अगदी सोपी आहे. कापडाचा कोपरा ओला करा, त्यावर पांढरं फडकं ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा गोधडीत नको, कितीही सुंदर असला तरी. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, या भरवशावर राहू नका. दुकानातून रंगून आलेल्या कापडाचा रंग त्याने थांबत नाही.

आणि रंग लागलाच तर? गोधडी वाळू देऊ नका, ही एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी आणि थोडं पातळ डिटर्जंट घ्या, गोधडी पूर्ण बुडवून रात्रभर राहू द्या. पाणी रंगलं की बदला. सुटलेला रंग भरपूर पाण्यात पातळ होतो आणि पुन्हा कापडावर बसत नाही. आमच्या त्या गोधडीतला डाग तीन पाण्यांत बराच गेला. वाळून इस्त्री झाली असती तर तो तिथेच राहिला असता.

"बारा इंची तुकडा पाठवा" एवढंच सांगणं

गटाच्या कामात सर्वात जास्त मनस्ताप इथे होतो. बारा इंच म्हणजे शिवून झाल्यावर बारा, की शिलाईसकट? एकीने साडेबारा कापलं, दुसरीने बारा, आणि तिसरीच्या घरची कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून अर्धा इंच लांबलेली. शिवणीला पाव इंच सोडायचं ठरलं असताना कुणी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त घेतलं तर वाटतं, एवढ्याने काय होतंय! पण आठ तुकड्यांच्या ओळीत सात जोड असतात. प्रत्येक जोडात दोन्ही बाजूंचं मिळून दोन सूत जातं, म्हणजे सात जोडांत १४ सूत, पावणेदोन इंच. मग खालची ओळ वरच्या ओळीला कशी भेटणार?

आम्ही आता जाड पुठ्ठ्याचे साडेबारा इंची चौकोन एकीकडूनच कापून घेतो आणि प्रत्येकीला एक देतो. टेप वापरायचीच नाही. तरीही एखादा तुकडा लहान आलाच, तर तो ओढून बसवू नका आणि त्याच्या मापासाठी बाकीचे छाटू नका. भरतकाम कापलं गेलं की जिने केलं तिला ते कायमचं लागतं. लहान तुकड्याला चारी बाजूंनी साध्या सुती कापडाची पट्टी जोडा आणि मग मापात कापा.

टाचण न करता धावदोरा घालायला बसणं

"अगं, आधी अस्तर ताण, मग वरची फुलं बघ," असं आमच्या गटातल्या मावशी प्रत्येक वेळी म्हणतात. त्या अस्तर जमिनीवर पसरतात, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवतात, तळहाताने मधून कडेकडे हवा काढतात आणि मग वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालतात, तेच टाचण. या कामाला अर्धा दिवस जातो, पण त्या अर्ध्या दिवसाची कसर नंतर कशानेही भरून निघत नाही.

मोबाइलवर बघून शिकलेल्या मुली मधून सुरुवात करतात. आपल्याकडच्या बायका काठापासून चौकोनी फेरे घालत मध्याकडे येतात. दोन्ही बरोबर आहे. आत फुगीर भरण असलं की मधून बाहेर जावं, कारण भरण सरकायला वाट लागते. नुसत्या जुन्या साड्यांचे थर असले आणि टाचण घट्ट असलं तर काठाकडून आत यावं. चूक होते ती एकाच गोधडीवर दोघी दोन बाजूंनी बसतात तेव्हा. मधे जो फुगा येतो तो टाके उसवल्याशिवाय जात नाही.

टांगणं आणि पाठवणं

दोन कोपऱ्यांत खिळे मारले की मधला भाग झोळीसारखा लोंबतो. मागे वरच्या काठाला चार इंची नेफा शिवा आणि त्यातून काठी घाला, म्हणजे वजन सारखं पसरतं. पाठवताना घडी घालू नका. नळीवर जुनी मलमल गुंडाळा आणि गोधडी सुलटी बाजू बाहेर ठेवून तिच्यावर गुंडाळा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली तर बुरशी ठरलेली.

कुणाचे हात, हे न लिहिणं

कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून पोर्तुगीज काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलं होतं. कवंदीच्या कोपऱ्यांवर त्या तिकोनी घड्यांचे तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना उघडी वाटते. ती रीत आवडली म्हणून आपल्या गोधडीला लावायची आणि "गावाकडची कला" म्हणून दाखवायची, हे मला पटत नाही. तुम्ही कवंदीवरून शिकलात तर तसं लिहा.

गटातही तेच. मागच्या उजव्या कोपऱ्यात वीतभर पांढरं कापड लावा. त्यावर प्रत्येकीचं नाव, गाव, साल, आणि कापड कुणाच्या लुगड्याचं तेही, धुतल्यावर न जाणाऱ्या दोऱ्याने भरून घ्या. शाईने लिहिलेलं दोन-चार धुण्यांत फिकट होतं. फोटो काढताना पुढच्या बाजूबरोबर या कोपऱ्याचाही काढा. विकायची ठरली तर पैसे कसे वाटायचे ते पहिला तुकडा कापायच्या आधी बोला. आमच्याकडे तुकडा भरणारीला आणि सगळे थर शिवणारीला वेगळा वाटा असतो, कारण टाचणाचा आणि धावदोऱ्याचा तो महिनाभर मावशींच्या गुडघ्यांवरून गेलेला असतो.