त्बिलिसीहून मठांकडे निघण्यापूर्वी

पिशवीत सगळ्यात आधी ओढणी जायला हवी. जॉर्जियातल्या (त्बिलिसी ही तिची राजधानी) ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठांत बायकांनी डोकं झाकायचं आणि गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट किंवा झगा घालायचा, असा रिवाज आहे. ओढणी सुती घ्या. रेशमी किंवा जॉर्जेटची असेल तर केसांवरून घसरते, आणि टेकडीवरच्या वाऱ्यात तिला सावरण्यातच अर्धा वेळ जातो. दोन सेफ्टी पिना लावल्या की काम भागतं. साडी नेसली असेल तर प्रश्नच नाही, पदर डोक्यावरून घेतला की झालं. घोट्यापर्यंतचा सैल पंजाबी ड्रेस बहुतेक ठिकाणी चालून जातो, पण लेगिंगवर आखूड कुर्ता किंवा जीन्स असेल तर दारातच थांबवतात. बऱ्याच मठांच्या दाराशी कमरेला गुंडाळायच्या कापडांची पेटी असते खरी, पण गर्दीच्या दिवशी ती रिकामी होते. त्यामुळे दोन मीटर सुती कापड स्वतःचंच ठेवावं. पुरुषांनी फुल पँट घालावी. बर्म्युडा चालत नाही, उन्हाळ्यातसुद्धा. टोपी मात्र आत गेल्यावर काढायची, म्हणजे बायकांच्या नेमकं उलट.

बूट काढायचे नाहीत. आपला हात सवयीने लेसकडे जातोच, पण तिथे सगळे पादत्राणांसकट आत जातात आणि दगडी फरशी मे महिन्यातही गार असते.

सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवा: एक लारीची नाणी, पन्नास तेत्रीची नाणी आणि पाच-दहाच्या नोटा (लारी म्हणजे तिथला रुपया, तेत्री म्हणजे पैसा). कार्ड शहरात सगळीकडे चालतं. पण मेणबत्ती, स्वच्छतागृह, मार्श्रुत्का म्हणजे तिथली वडाप, यांना रोकडच लागते. मेणबत्त्या दाराजवळच्या टेबलावर मिळतात, करंगळीहून बारीक, आणि जाडीप्रमाणे त्यांची किंमत. जिवंत माणसांसाठीची मेणबत्ती मूर्तिचित्रासमोरच्या उंच समईवजा स्टँडमध्ये लावतात. दिवंगतांसाठीची बुटक्या चौकोनी तबकात लावतात, त्यावर छोटा क्रूस उभा असतो. जागा चुकली तर कुणी रागावत नाही, पण एखादी आजी येऊन मेणबत्ती उचलून नीट जागी लावेल.

आता दिवस कोणता धरायचा ते. रविवारी सकाळची उपासना साधारण नऊ-दहाला सुरू होते आणि दोन-तीन तास चालते. बाकं नसतात, सगळे उभे असतात. तो गायनाचा प्रकार ऐकण्यासारखा आहे, तीन सुरांचा, वाद्यांशिवाय. त्यासाठी जायचं असेल तर रविवार चांगलाच, पण तेव्हा भिंती न्याहाळत फिरता येत नाही. वास्तू पाहायची असेल तर मंगळवार ते गुरुवार बरा. शनिवारी लग्नं असतात, एका वरातीमागे दुसरी उभी असते. 13 जुलै आणि 14 ऑक्टोबर हे म्त्सखेता गावातल्या स्वेतित्स्खोवेली कॅथेड्रलच्या उत्सवाचे दिवस, त्या दिवशी गावात गाडी उभी करायला जागा मिळत नाही. ईस्टर ज्युलियन पंचांगाने येतो, 2027 मध्ये तो 2 मे रोजी आहे. नाताळ 7 जानेवारीला.

पहिला दिवस म्त्सखेतासाठी ठेवा. मेट्रोच्या लाल मार्गाने दिदुबेला उतरायचं, बाहेरच्या बाजारातून चालत तळावर जायचं आणि म्त्सखेताची मार्श्रुत्का धरायची. अंतर वीस किलोमीटर. इथवर सोपं आहे. अडतं ते ज्वारीला. (नाव वाचून भाकरी आठवेल, पण जॉर्जियन भाषेत ज्वारी म्हणजे क्रूस.) हा मठ गावातून समोरच्या टेकडीवर इतका जवळ दिसतो की लोक चालत निघतात. मधे अराग्वी नदी आणि महामार्ग आहे. गाडीरस्ता मोठा वळसा घेऊन जातो. गावातून टॅक्सी करा आणि ‘वर जाऊन अर्धा-पाऊण तास थांबून परत’ असा एकच भाव आधी ठरवा. नुसतं जाण्याचं ठरवलंत तर खाली यायचे पैसे तुमच्या नाइलाजावर ठरतील.

ज्वारी सकाळीच करावी. मठ नदीच्या पूर्वेला आणि गाव पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन पाठीशी असतं आणि म्त्क्वारी आणि अराग्वी या नद्यांचा संगम दोन रंगांत स्पष्ट दिसतो. संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. इमारत 586 ते 605 या काळातली आहे. आत मधोमध अष्टकोनी चौथरा दिसेल. चौथ्या शतकात, जॉर्जियात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनो या बाईंनी उभारलेला लाकडी क्रूस जिथे होता, ती ही जागा. विंडचीटर उन्हाळ्यातही न्या.

खाली उतरल्यावर स्वेतित्स्खोवेली. हा मठ नव्हे, कॅथेड्रल आहे, 1010 ते 1029 मध्ये बांधलेलं. आत जाण्यापूर्वी उत्तरेकडच्या भिंतीवर वर पाहा: गुण्या धरलेला एक हात दगडात कोरला आहे. आत पायाखाली राजांच्या समाधीशिला आहेत, जरा बघून पाऊल टाका. इथून दहा मिनिटांवर साम्ताव्रो. हा जोगिणींचा (नन्सचा) मठ, म्हणून इथे पोशाखाकडे जास्त बारीक लक्ष असतं. निनोच्या काळात ख्रिस्ती झालेले राजा मिरियान आणि राणी नाना यांच्या कबरी इथे आहेत. पण बहुतेक रांग असते ती 1995 मध्ये निवर्तलेल्या आणि 2012 मध्ये संत ठरलेल्या गाब्रिएल बाबांच्या अवशेषांसमोर. रांग भक्तांची आहे, नुसतं पाहायचं असेल तर बाजूने पाहून निघावं. वेळ आणि टॅक्सी दोन्ही हाताशी असतील तर पश्चिमेला म्त्क्वारीच्या काठाने शिओ-म्घ्विमेला जा. चुनखडीच्या घळीतला सहाव्या शतकातला हा मठ शांत आहे. चार ठिकाणं एका दिवसात होतात, पाचवं कोंबू नका.

आत वावरताना एक लक्षात ठेवा: कांकेली, म्हणजे चित्रांची आडभिंत, तिच्या पलीकडे आपला गाभारा समजा. मधल्या दारासमोरून उपासनेच्या वेळी आडवं जायचं नाही, तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, हात खिशात ठेवायचे नाहीत. फ्लॅश कुठेच नको. कॅमेरा उचलण्यापूर्वी नजरेने किंवा ‘शेइद्झलेबा?’ म्हणजे ‘चालेल का?’ असं विचारून घ्या. तुम्हाला क्रूसाची खूण करायची गरज नाही, कुणी अपेक्षाही करत नाही.

जेवणाचं शाकाहारी मंडळींना वाटतं तितकं अवघड नाही. एकच शब्द पाठ करा, ‘सामार्ख्वो’. ऑर्थोडॉक्स उपवासाचे पदार्थ, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नाही. बुधवार-शुक्रवार, ईस्टरपूर्वीचे सात आठवडे आणि 28 नोव्हेंबर ते 6 जानेवारी या काळात बऱ्याच खानावळींत ते मिळतं. कांदा-लसूण मात्र भरपूर, आणि मासे कधीकधी चालतात, म्हणून विचारून घ्या. राजम्याचं सारण भरलेली लोबियानी हा भरवशाचा पदार्थ. फक्त ‘राचुली’ लोबियानीत डुकराचं धुरावलेलं मांस असतं, ती टाळा.

दावित गारेजी या खडकात कोरलेल्या मठसमूहाला स्वतंत्र दिवस द्या. म्त्सखेताच्या दिवसालाच जोडून उरकणारे लोक तिथे दुपारी बाराला पोचतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती वेळ पस्तिशीच्या पुढच्या तापमानाची. सुमारे सत्तर किलोमीटर, सागारेजो-उदाब्नो मार्गे एका बाजूला दोन तास धरा. एप्रिलअखेर ते जूनमध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. मे महिन्यात वाटेवरच्या माळावर खसखशीची लाल फुलं असतात.

हा अर्धवाळवंटी मुलूख. सहाव्या शतकातले भिक्षू पावसाचं पाणी धरण्यासाठी खडकात पन्हळी खोदत, त्या अजून दिसतात. तुमच्यासाठी पाणी नाही: माणशी तीन लिटर न्या, हिवाळ्यात दीड पुरे. दुकान नाही. पेट्रोल सागारेजोतच भरा, जेवण उदाब्नो गावात, परतीच्या वाटेवर. मोबाइलला रेंज सगळीकडे मिळत नाही, नकाशा आधी उतरवून ठेवा. अॅपवरची टॅक्सी तिथे सोडून गेली तर परतायला दुसरी येत नाही, म्हणून दिवसभराची गाडी ठरवा. मेंढ्यांचा कळप रस्त्यात आला तर काच वर करून बसून राहा, त्यांचे राखणदार कुत्रे अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. शहरातले कानात बिल्ला असलेले कुत्रे वेगळे, ते लस टोचलेले आणि सुस्त. घोणसाच्या जातीचा विषारी साप इथल्या खडकांत असतो. बंद बूट घाला, आणि चढताना न पाहता कपारीत हात घालू नका.

जुनी छायाचित्रं पाहून जाऊ नका. डोंगराच्या कण्यापलीकडच्या उदाब्नो नावाच्या गुहांतली (त्याच नावाचं गाव वेगळं) भित्तिचित्रं 2019 पासून अझरबैजानशी असलेल्या सीमावादामुळे बंद आहेत. खालचा लाव्रा मठ पाहता येतो, आणि तो पुरेसा आहे. सीमारक्षक विचारतात, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. इराणच्या शाह अब्बासच्या फौजेने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या भिक्षूंची कत्तल केली. त्याच शाहने 1624 मध्ये शिराझला जॉर्जियाच्या राणी केतेवानला मारलं आणि तिच्या अस्थींचा काही भाग पोर्तुगीज धर्मगुरूंनी गोव्यात आणला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या पडक्या भिंतींत तो सापडला, आणि 2021 मध्ये भारताने त्यातला एक भाग जॉर्जियाला दिला. मठात ‘कुठून आलात’ असं विचारलं तर ‘इंदोएती’ म्हणजे भारत, एवढं सांगून गोवा आणि केतेवान ही दोन नावं घ्या. दुभाषा लागत नाही.

दुपारी दोनला गारेजीहून निघा. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी सोबत असू द्या, तिथे टाकायची सोय नाही.