बर्फात क्लाइंबर्सचे फोटो काढताय? या चुका टाळा

आपल्याकडची कितीतरी पोरं आता मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकला (५,२८९ मीटर) वगैरे जातात, जीव तोडून चढतात, आणि फोटो बघावेत तर सगळीकडे पुढच्याची सॅक आणि मळकट बर्फ. फार वाईट वाटतं.

मळकट बर्फ म्हणजे कॅमेऱ्यातला बिघाड नाही. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं, त्यामुळे फ्रेम पांढऱ्याने भरली की ते एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) खाली ओढतं, बर्फ करडा होतो आणि टोपीखालचा चेहरा काळा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) प्लस १ ते १.७ ठेवा, उन्हात स्क्रीनवर विसंबू नका, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. धुक्यात फोकस भटकत असेल तर जॅकेटच्या रंगीत कडेवर लॉक करा.

सॅकचेच फोटो येतात कारण सगळे एकाच रोपला बांधून चढतात आणि आपण त्यात मधे असतो. आदल्या संध्याकाळीच लीडरला विचारून ठेवा की अँकर (रोप अडकवायचा पक्का आधार) कुठे लागणार, थांबा कुठे आहे, आणि जमलं तर सगळ्यात पुढे असलेल्या रोपच्या गटात जा. वरून खाली बघताना आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉनची (बुटाखाली बांधायच्या काट्यांची) पुढची टोकं, ताणलेला रोप आणि खाली दरी एकाच फ्रेममध्ये येते, उतार किती खडा आहे ते तिथेच कळतं. कॅमेरा तिरका धरून उतार वाढवू नका, चढणाऱ्याच्या कष्टांवर तो अन्याय आहे. चेहरा दिसलाच पाहिजे असंही नाही. २९ मे १९५३ ला हिलरींनी एव्हरेस्टवर काढलेल्या फोटोत तेनझिंग यांचा चेहरा मास्कमागे आहे, पण वर धरलेली आइस अ‍ॅक्स आणि तिच्यावरचे झेंडे सगळं सांगतात.

आता सगळ्यात गंभीर चूक. चांगल्या अँगलसाठी सेफ्टी (रोपला जोडलेला आपला आधार) काढायची नाही आणि फ्रेम बसवायला मागे मागे सरकायचं नाही. धारेवर वाऱ्याने बाहेर झुकलेला बर्फ, म्हणजे कॉर्निस, वरून सपाट जागेसारखा दिसतो आणि खाली नुसती हवा असते. ग्लोव्ह्ज पूर्ण काढू नका, आत पातळ लायनर घाला.

समिटच्या दिवशी मध्यरात्रीनंतर निघतो आणि नेमकं सूर्योदयाला बॅटरी शून्य दाखवते. थंडीने ती तात्पुरती मंदावलेली असते, आतल्या खिशात ऊब द्या, थोडे फोटो अजून मिळतात. स्पेअर बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्येच घेऊन झोपा. लेन्सवरचा बर्फ मात्र तोंडाने फुंकू नका, वाफ तिथेच गोठते, ब्लोअर (हाताने दाबून हवा मारायचा रबरी फुगा) वापरा.

खाली आल्यावर गार कॅमेरा तसाच गरम टेंटमध्ये नेला तर आतपर्यंत दव धरतं. बाहेर असतानाच झिपलॉकमध्ये घालून हवाबंद करा, कार्ड हवं असेल तर तेही आधीच काढून घ्या, आणि कॅमेरा आतल्या हवेइतका होईपर्यंत पिशवी उघडू नका.