हॅकिन्टॉश अडलंय? आधी पडद्यावरची शेवटची ओळ वाचा

हॅकिन्टॉश म्हणजे ॲपलची मॅकओएस टाकलेला बिगर-ॲपल पीसी. स्वतः जोडलेल्या पीसीवर ती टाकताना कुणी अडकलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘माझा ईएफआय फोल्डर घे, माझ्याकडे मस्त चालतोय.’ हा सल्ला कृपा करून ऐकू नका. बूट करायच्या सगळ्या फाइल आणि सेटिंग असलेला तो फोल्डर त्या माणसाच्या मदरबोर्डच्या, त्याच्या बायॉसच्या (बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) आवृत्तीच्या आणि त्याच्या ग्राफिक्स कार्डाच्या मापाने बेतलेला असतो. तुमच्या मशीनवर तो अजिबात चालला नाही तर एकवेळ बरं. अर्धवट चालला तर मात्र हाल होतात, कारण कुठली सेटिंग कशासाठी आहे हे ठाऊक नसताना बिघाड शोधायचा कुठून? ओपनकोअर हा बूटलोडर, म्हणजे पीसीवर मॅकओएस सुरू करून देणारा प्रोग्रॅम, घ्या, त्याची नमुन्याची सेटिंग-फाइल, म्हणजे कॉन्फिग-पीलिस्ट, उघडा आणि आपल्या प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे एकेक ओळ स्वतः भरा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. ॲपलच्या परवाना करारानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्या यंत्रावर चालवायची आहे. सायस्टार नावाच्या अमेरिकी कंपनीने असे पीसी विकायला काढले होते आणि २००९ मध्ये न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निकाल दिला. करून विकण्याचा किंवा ऑफिसचं काम यावर टाकण्याचा विचार असेल तर सोडून द्या.

हार्डवेअर

इथेच घोळ असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १००० मालिकेचे ड्रायव्हर मॅकओएसच्या हाय सिएरा आवृत्तीनंतर आले नाहीत आणि आरटीएक्सचे कधीच आले नाहीत. एएमडीच्या आरएक्स ५८०, ५७००, ६६००, ६८००, ६९०० चालतात. ६७०० एक्सटी आणि ६५०० एक्सटीला मॅकओएसमध्ये ड्रायव्हर नाही, ७००० मालिकेला तर नाहीच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार ६६०० च्या जागी ६७०० एक्सटी सुचवेल. वेगाने ती सरस आहे, पण या कामासाठी घेऊ नका. जुनी ५८० घेत असाल तर ती क्रिप्टो-मायनिंगमध्ये वापरलेली आहे का ते विचारा. तशा कार्डांचं बायॉस पुष्कळदा बदललेलं असतं आणि मग पडदा काळाच राहतो. इंटेलचं प्रोसेसरमधलं ग्राफिक्स डेस्कटॉपवर दहाव्या पिढीपर्यंतच चालतं, अकराव्यापासून नाही.

पुढचं सगळं दहाव्या पिढीचा आय-५, झेड-४९० बोर्ड आणि आरएक्स ६६०० धरून लिहिलं आहे. कॉन्फिगमध्ये मॅकचं मॉडेल म्हणून आयमॅक २०,१ द्या. मॅकओएस सिक्वोया घ्या. त्यानंतरची टाहो ही इंटेलसाठीची शेवटची आवृत्ती आहे आणि तिच्यातून ॲपलने जुना ऑडिओ ड्रायव्हर काढून टाकल्यामुळे बोर्डवरच्या साध्या जॅकमधून आवाज मिळवायला जादा खटपट करावी लागते.

बायॉस आणि पेनड्राइव्ह

सिक्युअर बूट, फास्ट बूट, सीएसएम, व्हीटी-डी आणि रीसाइझेबल बार बंद. अबव्ह ४जी डीकोडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू. साटा एएचसीआयवर. पेनड्राइव्ह फॅट३२ करून त्यावर मॅकओएस इन्स्टॉल करायची रिकव्हरीची फाइल आणि तुमचा ईएफआय टाका.

अक्षरं दिसू द्या

ॲपलच्या लोगोखालची पट्टी अर्ध्यावर थांबली, एवढ्यावरून कुणीही काहीही सांगू शकत नाही. कॉन्फिगमधल्या बूट-आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे सुरू होताना मॅकओएसला दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये, डॅश आणि व्ही लिहा, म्हणजे लोगोऐवजी ओळी धावताना दिसतील. जोडीला डीबगची किंमत शून्य-एक्स-१०० द्या, म्हणजे कर्नल (मॅकओएसचा गाभा) कोसळून कर्नल पॅनिक झाल्यावर मशीन स्वतःहून रीस्टार्ट होणार नाही आणि मजकूर पडद्यावर राहील. ओळी फार भराभर जातात. मोबाइलने स्लो-मोशन व्हिडिओ काढा आणि नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत वाचा.

एका वेळी एकच सेटिंग बदला. बदललं की वहीत लिहा. बूट-आर्ग्युमेंट किंवा मॉडेल बदललं असेल तर ओपनकोअरच्या मेनूत स्पेस दाबून रीसेट एनव्हीरॅम (सेटिंग साठवणारी बोर्डवरची मेमरी) करा, कारण जुनी मूल्यं तिथे टिकून राहतात आणि तुम्ही केलेला बदल लागू झालाय असा नुसता भास होतो.

‘एक्झिटबीएस:स्टार्ट’

बहुतेक जण इथेच कंटाळून मशीनवर परत विंडोज टाकतात. माझेही हात इथेच टेकले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

ओळी छान धावतात आणि शेवटी ‘एक्झिटबीएस:स्टार्ट’ असे शब्द असलेल्या ओळीवर सगळं गोठतं. एरर नाही, पॅनिक नाही, काही नाही. मग लोक ती ओळ जशीच्या तशी शोधतात आणि त्यांना शंभर वेगवेगळी उत्तरं मिळतात. ती सगळी एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण ही ओळ दुखणं सांगतच नाही. बायॉस आपलं काम संपवून मशीन मॅकओएसच्या कर्नलकडे सोपवतं, त्या क्षणाची ती नोंद आहे. बायॉसची छापण्याची सोय तिथे संपते आणि कर्नलची अजून सुरू झालेली नसते. बिघाड नेमका या मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात होतो. त्यामुळे ‘या ओळीवर उपाय’ असं काही नसतं. संशयित ठरलेले आहेत, ते क्रमाने तपासायचे.

पहिला संशयित मेमरी मॅप. कर्नलला स्वतःला ठेवायला मेमरीत सलग जागा लागते आणि बायॉसने ती जागा कशी वाटली आहे हे त्याला नीट कळावं लागतं. कॉन्फिगच्या बूटर विभागातले क्वर्क्स, म्हणजे चालू-बंद करायच्या जुळवणीच्या सेटिंग, हेच काम करतात. झेड-४९० वर रिबिल्ड-ॲपल-मेमरी-मॅप, सिंक-रनटाइम-परमिशन्स, डिव्हर्च्युअलाइझ-एमएमआयओ आणि प्रोटेक्ट-यूईएफआय-सर्व्हिसेस चालू हवेत. एनेबल-राइट-अनप्रोटेक्टर बंद हवा, कारण रिबिल्ड आणि सिंक ही जोडी त्याचीच जागा घेते. सेटअप-व्हर्च्युअल-मॅप हा खरा फसवा. नवव्या पिढीच्या झेड-३९० बोर्डावर तो चालू लागतो. असूस, गिगाबाइट आणि ॲसरॉकच्या झेड-४९० वर तो चालू ठेवला तर मशीन बूटच होत नाही. मित्राच्या नवव्या पिढीच्या पीसीचा ईएफआय दहाव्या पिढीवर मरतो तो अनेकदा एवढ्या एका खुणेमुळे. सगळे क्वर्क्स चालू करून बघ, असं कुणी म्हणालं तर त्याचं पुढचं काहीही ऐकू नका.

याच विभागाचं काम ओपनरनटाइम नावाच्या ड्रायव्हरवर चालतं. ओपनकोअर नवं आणि ओपनरनटाइम जुनं, अशी खिचडी झाली की वरच्या सेटिंग अचूक असूनही गाडी हलत नाही. दोन्ही एकाच आवृत्तीतले घ्या. ओपनकोअरसोबत ओसीव्हॅलिडेट येतं, त्याच आवृत्तीच्या त्या साधनाने कॉन्फिग तपासून घ्या. चुकलेली किंवा कालबाह्य नोंद ते नावानिशी दाखवतं.

दुसरा संशयित सीएफजी लॉक. प्रोसेसरमध्ये ई-२ नावाचं एक रजिस्टर असतं. वीज-व्यवस्थापनासाठी मॅकओएसचा कर्नल त्यात लिहायला जातो. बोर्डाने ते कुलूपबंद केलेलं असेल तर कर्नल तिथेच कोसळतो. बायॉसमध्ये सीपीयूच्या पॉवर मॅनेजमेंटच्या मेनूत हा पर्याय शोधा आणि बंद करा. पर्यायच दिसत नसेल तर कर्नल विभागातला ॲपल-एक्ससीपीएम-सीएफजी-लॉक हा क्वर्क चालू करा. कुलूप आहे की नाही याबद्दल शंका असेल तर ओपनकोअरच्या टूल्समधलं कंट्रोल-एमएसआर-ई-२ चालवा, ते स्पष्ट सांगतं. आणि हे लक्षात ठेवा: बायॉस अपडेट केलं की सेटिंग मूळपदावर येतात. काल चालणारं मशीन अपडेटनंतर याच ओळीवर थांबलं असेल तर आधी हे कुलूप आणि अबव्ह ४जी बघा, कॉन्फिगला हात लावू नका.

प्रोसेसर एएमडीचा रायझन असेल तर तिसरा संशयित कर्नल पॅचेस, म्हणजे कर्नलमध्ये करायचे बदल. त्यात कोअरची संख्या तुम्ही स्वतः भरायची असते. थ्रेड नव्हे, कोअर. ती हेक्साडेसिमलमध्ये लिहायची: सहा कोअरला ०६, आठला ०८, बाराला ०सी, सोळाला १०. बाराला सरळ १२ लिहिलं की ते अठरा वाचलं जातं आणि पुन्हा तीच मुकी ओळ समोर येते.

एवढं करूनही अडलं तर ओपनकोअरची डीबग आवृत्ती टाका आणि कॉन्फिगच्या डीबग विभागात टार्गेट ६७ करा. पेनड्राइव्हवर तारखेच्या नावाची मजकूर-फाइल तयार होते. मदत मागताना ती फाइल द्या, पडद्याचा तिरका फोटो नको.

पुढच्या अडचणी

‘पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन’वर थांबलं तर एसएसडीटी-एडब्ल्यूएसी आणि एसएसडीटी-ईसी या मॅकओएसला बोर्डाची ओळख करून देणाऱ्या फाइल खरंच लोड होतात का ते पाहा. फोल्डरात फाइल असणं पुरेसं नाही, कॉन्फिगमध्येही तिची नोंद लागते.

‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ आणि मग आडवी रेघ मारलेलं गोल चिन्ह, ही यूएसबीची तक्रार. मॅकओएस एका कंट्रोलरवर पंधराच पोर्ट मान्य करतं आणि यूएसबी ३ चं एक भोक दोन पोर्ट म्हणून मोजतं, एक जुन्या वेगाचं आणि एक नव्या. बोर्डाने त्याहून जास्त पोर्ट जाहीर केले की तुमचा पेनड्राइव्ह असलेलं पोर्टच यादीबाहेर पडू शकतं. मर्यादा उठवणारा एक्सएचसीआय-पोर्ट-लिमिट क्वर्क मॅकओएस बिग सर ११.३ पासून निकामी आहे. तो चालू करा असं सांगणारे लेख अजून फिरतात, सोडून द्या. विंडोजमध्येच यूएसबीटूलबॉक्स चालवून, प्रत्येक भोकात पेनड्राइव्ह लावून नकाशा बनवा आणि मगच इन्स्टॉलकडे वळा. ब्लूटूथही आतून यूएसबीवरच बसलेलं असतं, त्याचं पोर्ट वगळू नका. असूसच्या झेड-४९० बोर्डाला एसएसडीटी-आरहबही लागतं.

ओळी संपल्या आणि पडदा काळा झाला, तर आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेसाठी बूट-आर्ग्युमेंटमध्ये एजीडीपीमॉडला पिकेरा ही किंमत द्या. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावलेली आहे ना, तेही बघा.

इन्स्टॉल

डिस्क युटिलिटीत ‘सगळी उपकरणं दाखवा’ निवडून आख्खी डिस्क एपीएफएस फॉरमॅट आणि जीयूआयडी स्कीमवर करा. इंटरनेट केबलने द्या. रिकव्हरी सर्व्हरशी संपर्क होत नाही असं आलं तर टर्मिनलमध्ये तारीख तपासा. मशीन अधूनमधून रीस्टार्ट होईल. दर वेळी मेनूत ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ निवडा, पेनड्राइव्हची रिकव्हरी नाही. शेवटच्या ‘दोन मिनिटं’वर बराच वेळ जातो, बटण दाबू नका.

डेस्कटॉप दिसल्यावर ईएफआय आतल्या डिस्कवर कॉपी करा आणि पेनड्राइव्हवरची चालणारी प्रत तशीच ठेवा. मॅकओएसचा पुढचा अपडेट घेण्याआधी ओपनकोअर आणि केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) नवे करून, आधी त्या पेनड्राइव्हवरूनच बूट होतंय का ते पाहा. झालं तरच आतली प्रत बदला.